दिल्लीचा पैसा गावात कसा पोहोचतो: नव्या सरपंच-सदस्यांसाठी वित्त आयोगाच्या निधीची वाट

गल्लीत पेव्हर ब्लॉक बसले की दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर फ्लेक्स लागतो: ‘अमुक साहेबांच्या विशेष प्रयत्नांतून’. त्यातली बरीच कामं वित्त आयोगाच्या निधीतली असतात. त्या पैशासाठी कुणाचं शिफारसपत्र लागत नाही आणि मंत्रालयात चकरा माराव्या लागत नाहीत. तो राज्यघटनेने ठरवलेल्या वाटेने ग्रामपंचायतीकडे येतो. अडतो तो बहुतेकदा आपल्याच दप्तरात: आराखडा वेळेत चढवला नाही, हिशेब बंद केला नाही, सरपंचांची डिजिटल सही नोंदली नाही, असलं काहीतरी कारण असतं.

ग्रामपंचायतीत पाच वर्षं काढल्यावर ही वाट मला पाठ झाली. पहिल्यांदा निवडून आलेल्यांना सुरुवातीला कुणी सांगत नाही, म्हणून इथे क्रमाने मांडते आहे. आकडे पंधराव्या वित्त आयोगाचे आहेत. त्या आयोगाचा कालावधी ३१ मार्च २०२६ पर्यंतचा. १ एप्रिल २०२६ पासूनची पाच वर्षं अरविंद पनगढिया यांच्या अध्यक्षतेखालच्या सोळाव्या आयोगाची. तेव्हा नव्या पैशाचं प्रमाण आणि अटी नव्या जीआरमध्ये बघून घ्या. बाकीची वाट ओळखीचीच राहील.

१. दोन पैशांत गल्लत करू नका

केंद्र सरकार आयकर, कंपनी कर, सीमाशुल्क, जीएसटी गोळा करतं. त्यातलं राज्यांना किती द्यायचं हे घटनेच्या कलम २८० खाली नेमलेला वित्त आयोग दर पाच वर्षांनी सांगतो. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य करांतले ४१ टक्के राज्यांना दिले आणि त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरवला. उपकर आणि अधिभार या वाटपात धरतच नाहीत, आणि राज्यांची जुनी तक्रार नेमकी तीच आहे. हा झाला पहिला पैसा. तो राज्याच्या तिजोरीत जातो आणि त्याचं काय करायचं ते राज्य ठरवतं. तुमच्या ग्रामपंचायतीचा त्यावर थेट हक्क नाही.

दुसरा पैसा स्थानिक संस्थांच्या अनुदानाचा. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. तिच्यामुळे पंचायतींच्या तिजोरीला जोड कशी द्यायची हे सांगणंही वित्त आयोगाचं काम झालं. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरातल्या ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले. ही ठोक रक्कम आहे, टक्केवारी नाही. त्यामुळे जीएसटीचं विक्रमी संकलन झाल्याची बातमी वाचून आपला हप्ता वाढेल असं ग्रामसभेत सांगू नका.

तिसरीही एक वाट आहे, राज्याने आपल्या करांतून द्यायची. त्यासाठी कलम २४३-आय खाली राज्य वित्त आयोग असतो. मुद्रांक शुल्काच्या अनुदानातला वाटा याच बाजूचा. अनुसूचित क्षेत्रातल्या म्हणजे पेसा गावांना आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो, तोही राज्याकडूनच. याची खाती, नियम आणि हिशेब वेगळे. पेसा गावातल्या सदस्यांनी दोन्हींची सरमिसळ होऊ देऊ नये, पुढे लेखापरीक्षणात ती निस्तरताना नाकी नऊ येतात.

२. तुमच्या गावाचा आकडा कसा निघतो

केंद्रात पंचायत राज मंत्रालय शिफारस करतं. पाणी-स्वच्छतेच्या भागासाठी जलशक्ती मंत्रालयाची शिफारस लागते. मग अर्थ मंत्रालय राज्याला हप्ता सोडतं. राज्याने तो दहा कामकाजाच्या दिवसांत खाली पाठवायचा, उशीर झाला तर व्याजासकट. हप्ते वर्षात दोन, कागदावर जून आणि ऑक्टोबरमध्ये. कागदावर हा शब्द मुद्दाम लिहिला. जूनच्या भरवशावर ठेकेदाराला शब्द देऊ नका.

महाराष्ट्रात या निधीचे तीन भाग झाले: ८० टक्के ग्रामपंचायतींना, १० टक्के पंचायत समित्यांना, १० टक्के जिल्हा परिषदांना. ग्रामपंचायतींच्या भागाचं वाटप लोकसंख्या ९० टक्के आणि क्षेत्रफळ १० टक्के या वजनाने. लोकसंख्या कुठली, तर २०११च्या जनगणनेची. पुण्याजवळच्या आयटी कंपन्यांमुळे झपाट्याने वाढलेल्या हिंजवडीसारख्या गावांना इथेच मार बसतो. कचरा आणि सांडपाणी आजच्या माणसांचं, पैसे २०११च्या माणसांचे. यावर ग्रामपंचायतीच्या पातळीवर उपाय नाही. लोकांना खरं कारण सांगा, एवढंच आपल्या हातात असतं.

आणखी एक अट: निवडून आलेलं मंडळ हवं. २०२२मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. त्यांच्या वाट्याचे हप्ते अडकले. ग्रामपंचायतीवर प्रशासक असेल तर तिचंही तेच होतं. तुमच्या आधी गावात प्रशासक होता का, किती काळ होता, हे तपासा. ‘मागच्या वर्षी पैसे का आले नाहीत’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा तिथे सापडतं.

३. बंधित आणि अबंधित: इथे सगळ्यात जास्त पाय घसरतात

समजा वर्षाला १० लाख रुपये आले. त्यातले ४ लाख अबंधित. गावाला ज्याची गरज आहे त्यासाठी ते वापरा, घटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या २९ विषयांत बसलं म्हणजे झालं. पगार आणि कार्यालयीन आस्थापनेचा खर्च मात्र त्यातून करायचा नाही. उरलेले ६ लाख बंधित: ३ लाख पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यासाठी, ३ लाख स्वच्छता आणि हागणदारीमुक्ती टिकवण्यासाठी.

नव्या मंडळाचा पहिला हट्ट सिमेंट रस्त्याचा असतो. रस्ता दिसतो, त्यावर नारळ फोडता येतो. चार लाख संपले की मग नजर बंधितकडे वळते. रस्त्याच्या कडेला गटार दाखवून अख्खा रस्ता ‘स्वच्छता’ या नावाखाली बसवायची युक्ती कुणीतरी सुचवतंच. करू नका. सांडपाण्याची बंदिस्त गटार, शोषखड्डे, कचरा वर्गीकरणाची शेड, सार्वजनिक शौचालयाची दुरुस्ती ही स्वच्छता. रस्त्याचं काँक्रीट नव्हे. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुली सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या नावावर लागते. युक्ती सुचवणारा तोवर दुसऱ्या पॅनलमध्ये गेलेला असतो.

एक सवलत बहुतेकांना माहीत नसते. पाणी किंवा स्वच्छता यांपैकी एका विषयाची गावातली गरज पूर्ण भागली असेल, तर त्याचा पैसा दुसऱ्या विषयाला वळवता येतो. त्यासाठी ग्रामसभेने तसं प्रमाणित करायचं आणि वरून दुजोरा घ्यायचा. नळयोजना धड चालू आहे, पण गटारं तुंबतात, अशा गावांनी हा ठराव जरूर करावा.

वीजबिलाचं काय, हा प्रश्न येणारच. २०२१मध्ये रस्त्यावरचे दिवे आणि पाणीपुरवठ्याची थकीत बिलं या निधीतून भरायची असं वरून आलं, तेव्हा राज्यभरातल्या सरपंचांनी विरोध केला होता. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. पाच-दहा वर्षांची थकबाकी एका झटक्यात भरायची म्हटलं तर लहान गावाचं विकासाचं वर्ष वाया जातं. पण ज्या गावात पाणीपट्टी वसूल होत नाही तिथे पंपाचं बिल शेवटी कुठूनतरी भरावंच लागतं, हेही खरं.

४. चार्ज घेताना काय मागायचं

पहिल्या सभेच्या हारतुऱ्यांत हे राहून जातं. ग्रामसेवकांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. त्यांच्यासोबत बसून पुढच्या गोष्टी समोर ठेवायला सांगा आणि यादीवर दोघांच्या सह्या घ्या:

- वित्त आयोगाच्या सगळ्या बँक खात्यांची पासबुकं किंवा स्टेटमेंट, आजच्या तारखेपर्यंतची
- रोकडवही म्हणजे नमुना ५, आणि बँकेच्या शिल्लकीशी तिचा ताळमेळ
- चालू वर्षाचा मंजूर आराखडा आणि ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या संकेतस्थळावरची त्याची प्रत
- अर्धवट कामांची यादी, प्रत्येकाचा कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवतात ती)
- मागच्या लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांची दिलेली उत्तरं
- ठेकेदार आणि दुकानदारांची न दिलेली देयकं
- नमुना ८ आणि नमुना ९, म्हणजे घरपट्टीची आकारणी आणि मागणी
- जुन्या सरपंचांची डिजिटल सही बंद झाली का, याचा लेखी पुरावा

जुन्या आयोगाच्या खात्यात पडून राहिलेली शिल्लक निघाली तर ती आधी मार्गी लावा, आणि ज्या आयोगाचा पैसा त्याच आयोगाच्या नियमांनी. पैसा पडून राहिला की त्यावर वरच्यांची नजर जाते. २०२०मध्ये कोविडच्या काळात राज्याने चौदाव्या वित्त आयोगाच्या निधीवरचं व्याज परत मागितलं होतं, ते अनेकांच्या लक्षात असेल.

५. आराखडा: सगळा खेळ इथेच ठरतो

केंद्र त्याला जीपीडीपी म्हणजे ग्रामपंचायत विकास आराखडा म्हणतं, आपल्याकडे तो ‘आमचा गाव, आमचा विकास’ या नावाने ओळखला जातो. पुढच्या आर्थिक वर्षाचा आराखडा आदल्या हिवाळ्यात होतो. केंद्राची लोकनियोजन मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते. मार्चअखेर गाठायचा विचार कराल तर उशीर झालाच म्हणून समजा.

क्रम असा: वॉर्डसभा आणि महिलासभा, त्यांतल्या मागण्या, मग ग्रामसभेत प्राधान्यक्रम, ठराव, पंचायत समितीकडून तपासणी आणि शेवटी ई-ग्रामस्वराजवर नोंद. २४ एप्रिल २०२०ला हे संकेतस्थळ सुरू झालं. तेव्हापासून आराखडा, खर्च आणि देयकं एकाच साखळीत गुंफली आहेत. जे काम तिथल्या आराखड्यात नाही त्याचं देयक निघत नाही. काम कितीही गरजेचं असो, कितीही चांगलं झालेलं असो. वर्षाच्या मध्ये नवी गरज उभी राहिली तर ग्रामसभेचा ठराव घेऊन पूरक आराखडा चढवता येतो. आधी काम, मग पूरक आराखडा, असा उलटा क्रम धरू नका.

ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब करायची आणि नंतर थोडक्या माणसांत उरकायची, हा प्रकार कायद्यात बसतो. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पण आराखड्याच्या सभेला तरी हा मार्ग टाळा. गावाला माहीत नसलेल्या आराखड्याबद्दल पुढे पहिली तक्रार त्याच गावातून जाते. दवंडी द्या, गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, बचत गटांच्या महिलांना आधी सांगा. त्या आल्या की सभा भरते.

ठराव लिहिताना ‘गावात विविध विकासकामे करणे’ असलं काही प्रोसिडिंगमध्ये लिहू देऊ नका. काम कुठून कुठपर्यंत, अंदाजे किंमत किती, निधी कुठला, बंधित की अबंधित, हे सगळं आलं पाहिजे. संगणकावर नोंद करताना निधीचा स्रोत चुकला तर देयकाच्या वेळी काम सापडतच नाही. म्हणून नोंद झाल्यावर छापील प्रत काढा आणि ठरावाशी ओळ न् ओळ ताडून बघा. या कामाला फार तर अर्धा दिवस जातो. बहुतेक सरपंच तो काढत नाहीत.

आणखी एक प्रलोभन: प्रत्येक सदस्याला खूश ठेवायला दहा वॉर्डांत दहा बारकी कामं टाकणं. पन्नास हजारांत होणारं काम क्वचितच टिकतं. दोन वर्षांचा क्रम ठरवून सदस्यांना लेखी द्या: यंदा या बाजूला, पुढच्या वर्षी त्या बाजूला. भांडणं होतील, पण ती ग्रामसभेतच होतील.

सदस्य नसलेल्या गावकऱ्यांसाठीही सांगते. ई-ग्रामस्वराजवर राज्य, जिल्हा, तालुका आणि गाव निवडून कुठल्याही वर्षाचा आराखडा आणि खर्च बघता येतो, लॉगिन लागत नाही. ‘मेरी पंचायत’ हे अ‍ॅपही आहे. आपल्या गावाच्या नावावर कुठली कामं ‘पूर्ण’ दाखवली आहेत, एकदा बघाच.

६. कामाची कागदपत्रं

ही साखळी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना पाठ असते, तुम्हाला फक्त क्रम माहीत हवा. अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मंजुरी, खरेदी किंवा निविदा, कार्यारंभ आदेश, कामाआधीचे, चालू कामाचे आणि नंतरचे फोटो, मोजमाप पुस्तिकेत नोंद, देयक, पूर्णत्वाचा दाखला. निविदेची मर्यादा जीआरने बदलत राहते, त्यामुळे चालू जीआरची प्रत मागूनच घ्या.

इथे तीन सापळे. कार्यारंभ आदेशाआधी काम सुरू करणं. निविदा टाळायला एका कामाचे तुकडे पाडणं. आणि सगळ्यात महागात पडणारा: सदस्याच्या किंवा त्याच्या भागीदाराच्या नावावर काम. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८च्या कलम १४ प्रमाणे पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्यपद जातं. ‘बिल चुलत्याच्या नावावर आहे’ म्हटलं की सुटका होते, या समजात राहू नका.

७. सही तुमची, डोंगल तुमच्याकडे

वित्त आयोगाचे पैसे आता चेकने दिले जात नाहीत. देयक ई-ग्रामस्वराजवर तयार होतं, त्यावर ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच या दोघांची डिजिटल सही होते आणि रक्कम पीएफएमएस या केंद्राच्या ऑनलाइन देयक प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यात जाते. ही सही डीएससी म्हणजे डिजिटल सही प्रमाणपत्राच्या, पेनड्राइव्हसारख्या डोंगलवर असते. निवडून आल्यावर ती नव्याने काढायची, प्रणालीत नोंदवायची आणि वरून मंजूर करून घ्यायची. यात वेळ जातो, म्हणून शपथेच्या आठवड्यातच अर्ज टाका. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करा. लग्नानंतर नाव बदललेल्या महिला सरपंचांचं गाडं हमखास इथे अडतं.

डोंगल आणि पिन संगणक परिचालकाकडे ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. ‘ताई, तुम्हाला कशाला त्रास’ असं गोड बोलून ते मागितलं जातं. देऊ नका. परिचालकाला नाही आणि नवऱ्यालाही नाही. कायद्याच्या दृष्टीने ती सही तुम्हीच केली असं धरतात, आणि ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर चौकशीत चालत नाही. सही करताना चारच गोष्टी बघा: कामाचं नाव, पुरवठादाराचं नाव, रक्कम आणि मोजमाप पुस्तिकेतला आकडा. इंग्रजी पडदा बघून बिचकायचं कारण नाही, आकडे सगळ्यांना वाचता येतात.

८. महिना बंद, वर्ष बंद

ई-ग्रामस्वराजवर दर महिन्याचा हिशेब बंद करावा लागतो आणि मार्चनंतर वर्षाचा. हे राहिलं की पुढच्या वर्षाची सुरुवातीची शिल्लक जुळत नाही. लेखापरीक्षित हिशेब ऑनलाइन उपलब्ध असणं ही तर अनुदानाची मूळ अट. मासिक सभेच्या अजेंड्यावर ‘मागील महिन्याचा हिशेब बंद झाल्याची नोंद घेणे’ हा विषय कायमचा टाकून ठेवा. विचारणारं कुणी आहे म्हटल्यावर काम होतं.

स्थानिक निधी लेखापरीक्षेचे अधिकारी आले की सरपंचांनी स्वतः हजर राहावं. आक्षेप तिथल्या तिथे कागद दाखवून मिटतात. अहवालात एकदा छापले गेले की वर्षानुवर्षं मागे लागतात.

९. घरपट्टी विसरू नका

या निधीतून पगार देता येत नाहीत हे वर आलंच. म्हणजे शिपाई, पाणीपुरवठा कर्मचारी, कार्यालयाचं वीजबिल हे सगळं तुमच्या घरपट्टी-पाणीपट्टीतून. स्वतःच्या उत्पन्नातूनच १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. वसुलीला गेलं की मतं जातात, या भीतीने पाच वर्षं काढणारी मंडळं मी पाहिली आहेत. आणि बिल मिळून तीन महिन्यांत स्वतःचा कर न भरलेल्या सदस्याचं पदही जाऊ शकतं, तेव्हा सुरुवात घरापासून करा.

१०. हप्ता आला नाही तर

आधी स्वतःकडे बघा: आराखडा चढला आहे का, मागच्या वर्षाचा हिशेब बंद आहे का, खातं पीएफएमएसमध्ये चालू आहे का. तिन्ही ठीक असतील तर पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांना विचारा: हप्ता राज्याकडूनच आलेला नाही, की तालुक्याला आला आणि आपल्यालाच नाही? या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आणि उपायही वेगळे. शेजारच्या दोन गावांना फोन केला तरी ते पाच मिनिटांत कळतं. अडचण आपल्यापुरतीच असेल तर गटविकास अधिकाऱ्यांना पत्र द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या ग्रामपंचायत विभागाला, आणि आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.